मामांचा लांब इंच

सेक्टर १०, द्वारका, नवी दिल्ली
२० एप्रिल २०२५

ती. स्व. मामांस,
मयुराचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. गेल्या रविवारी फोनवर मी वीस मिनिटं घसा फोडून शार्दूलच्या दाढेच्या ऑपरेशनबद्दल सांगत होते आणि तुम्ही दर वाक्याला छान झालं, छान झालं म्हणत होतात. तुमचा जावई बिचारा शेजारीच गाल धरून बसला होता. शेवटी आई म्हणाली, तुझ्या मामाला पत्र लिही, पत्राला कान लागत नाहीत. म्हणून हा खटाटोप. ऑफिसात दिवसभर टाइप करून अक्षर पार बिघडलंय, सांभाळून घ्या.

आता मुद्द्याचं. मामीने पाठवलेला तुमच्या कानांचा रिपोर्ट मी इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. (माझ्यावर रागवा, मामीवर बिल्कुल नको.) त्या म्हणाल्या, फौंड्रीतल्या चाळीस वर्षांच्या धडधडीने बारीक, उंच आवाज गेलेत, पण जाड, खालचे आवाज बरेच शाबूत आहेत. मशीन लावलं तर माणसांचं बोलणंही पुष्कळ परत येईल. मशीनचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

मामा, तुमचं असं गप्प गप्प होणं मला सहन होत नाही. तुम्ही लग्नकार्याला जात नाही, दिल्लीला यायचं म्हटलं की विषय बदलता, चार माणसं हसली की ती आपल्यालाच हसली असं धरून चालता. आणि तुमची ती शीळ! मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला उतरायचो तेव्हा तुम्ही लाकडाला पॉलिशपेपर मारत ती एकच शीळ घालत बसलेले असायचात. तिला ना नाव, ना शब्द, कुठून आली ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मामी सांगते, स्वतःची शीळ ऐकू येईना तेव्हापासून तुम्ही ती टाकलीत.

तर माझी पैज. मी चार वर्षं बास गिटार वाजवते, हे तुम्हाला माहीत आहे. चार जाड तारा, गाण्याच्या तळाशी घुमतो तो आवाज. तुमचे मित्र विश्वनाथकाका यांच्या ऑर्केस्ट्रात तसाच एक परदेशी बास होता, व्हायोलिनच्या आकाराचा, आतून पोकळ. तसा गोड आवाज जन्मात पुन्हा ऐकला नाही, असं तुम्ही शंभरदा सांगितलंय. त्याची मान तुटली तेव्हा ती तुम्ही जोडलीत, आणि जोडता जोडता सगळं वाद्य ब्राऊन पेपरवर उतरवून ठेवलंत. तो कागद मला द्या. तसला जुना बास विकत घ्यायची आमची ऐपत नाही, मी तो घरी बनवणार. दिवाळी पहाटेला कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या सदनात आमच्या ग्रुपचा कार्यक्रम आहे. तिथे तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. बास ऐकू आला तर कानाचं मशीन घ्यायचं. नाही आला, तर मशीनचा विषय मी जन्मात काढणार नाही.

मामीला नमस्कार. तुमची माया आहेच, ती टपालाने यावी एवढंच मागणं.
तुमची भाची,
मयुरा


कोल्हापूर
३ मे २०२५

चि. मयुरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वाचायला माझा चष्मा आणि प्रभाचा चष्मा असे दोन लावावे लागले. तिने माझा रिपोर्ट परस्पर दिल्लीला रवाना केला हे कळल्यावर मी दोन वेळचा चहा नाकारला. तिसऱ्या वेळी घेतला, कारण आले घातले होते.

कागद पाठवत आहे. एक कोपरा उंदराने खाल्ला आहे, बाकी सत्तेचाळीस वर्षांत त्याला काही झालेले नाही. अंगाचा आकार जसाच्या तसा आहे, त्यावर ठेवून कापावे. बाजूच्या पट्ट्या दोन मिलिमीटरहून जाड ठेवू नकोस, वाकवताना मोडतील. वरचे पोट देवदाराचे कर, तो तुमच्या बाजूला मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घोडीला गोंद लावायचा नाही. ज्या लाकडी घोडीवरून तारा जातात ती या वाद्यात नुसती तारांच्या दाबाखाली उभी असते. विश्वनाथ ती बोटाने मागेपुढे सरकवून सूर जुळवायचा.

माझ्याकडून मात्र कामाची अपेक्षा ठेवू नकोस. तुला ऑफिसात कोणी विचारले मामा काय करायचे, तर नीट सांग. सुतार नव्हे, पॅटर्नमेकर. वितळलेले बीड ज्या साच्यात ओततात, त्या साच्यासाठी हुबेहूब लाकडी नमुना घडवणारा. माझ्या नमुन्यांवरून हजारो पंप निघाले, एक परत आला नाही. चार वर्षांपूर्वी कारखाना सुटला, हत्यारांची पेटी घरी आली आणि पहिलेच काम घेतले ते प्रभाच्या देवघराच्या दाराचे. दोन फुटांचे दार, आणि मी दोन सुतांनी चुकलो! पाव इंच! दार चौकटीत जाईना. त्याच दिवशी पेटीला कुलूप घातले. हात गेला तो गेला, त्याचे रडगाणे नको.

पैज मान्य, पण माझ्या अटीवर. नुसती धडधड मी धरणार नाही, धडधड तर ट्रकचीही कळते. तुझ्याकडे पाठ करून, बोटे न बघता, तू काय वाजवतेस ते मला ओळखता आले पाहिजे. आणि पैजेआधी तो बास माझ्या आसपास वाजता कामा नये.

नीलाला सांग, भावाची आठवण ठेवावी, भांडणे विसरावी.
तुझा मामा,
पद्माकर


द्वारका
८ जून २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बाल्कनीत चव्वेचाळीस डिग्री तापमानात बसून लिहितेय, घामाचे डाग पडले तर समजून घ्या. कागद बघून मी वेडीच झाले. मामा, तुम्ही पंचविसाव्या वर्षी पेन्सिलीने काढलेल्या रेषेवर आजही बोट ठेवलं की कड लागते असं वाटतं.

देवदार मिळाला! उत्तमनगरच्या कबाडीवाल्याकडे पहाडातल्या कुठल्याशा बंगल्याचं जुनं दार पडलं होतं. तो म्हणत होता मॅडम, इसमें तो दीमक भी नहीं लगती, म्हणजे वाळवीसुद्धा लागत नाही, जणू तोच माझ्यावर उपकार करत होता. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी पाइपवर वाकवल्या. पहिल्या तीन मोडल्या. चौथी वाकली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शार्दूल गॅस सिलिंडर उडाला समजून धावत आला. आता पोट आणि पाठ दोन्ही चिकटलीत, आणि शिकंजे लावायला घरातले कपड्यांचे सगळे चिमटे मी पळवले म्हणून आई माझ्याशी बोलत नाहीये. सोसायटीच्या ग्रुपवरही माझं नाव झालंय. खालच्या मजल्यावरच्या खन्नाआंटींच्या वाळत घातलेल्या चादरीवर लाकडाचा भुसा उडाला. चादर धुऊन दिली, वर श्रीखंड दिलं. आता त्या विचारतात, दुबारा कब घिसोगी?

पण मामा, मान बिघडली. दोन केल्या, दोन्ही पिळवटल्या. फोटो छापून सोबत घातलाय. मान वाकडी तर तिच्यावर बोटांसाठी बसवायच्या त्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, चुकणार, पडदे चुकले तर सगळंच गेलं. इथे फर्निचरवाल्या कारागिरांना विचारलं, ते हसले. मला दुसरं कोणी नाही. नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचपट्टीपासून, घोडीपर्यंत तीस इंच, त्या हिशेबाने बावीस पडदे, सगळी मापं पाठीमागे लिहिली आहेत. हात गेला म्हणता, पण हाताला एकदा विचारून तरी बघा ना, यार! (यार शब्द चुकून गेला. खोडत नाही.)

तुमच्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
मयुरा


कोल्हापूर
२७ जुलै २०२५

चि. मयुरास,
अनेक आशीर्वाद.

मला यार म्हणणारी तू घराण्यातली पहिलीच. प्रभा हसून हसून पलंगावर आडवी झाली.

तुझ्या मानेचा फोटो बघितला. तो लाकडाचा अपमान आहे. तो बघवेना म्हणून कुलूप काढले, दुसरे काही कारण नाही. आपल्या जुन्या झोपाळ्याची सागवानी फळी माळ्यावर होती, चाळीस वर्षे मुरलेली. ती घेतली. हत्यारे गंजली होती, ती साफ करण्यात आठवडा गेला. मग महिनाभर रोज सकाळी दोन तास, उजेड चांगला असेपर्यंत. पडद्यांच्या खाचा पाडताना प्रत्येक माप तीनदा घेतले, कारण स्वतःवर भरवसा नाही. खरे सांगू का, खाच पाडताना लाकूड जे हाताला बोलते ते चार वर्षांनी ऐकले. बरे वाटले.

मान स्पीड पोस्टने येत आहे. खोक्यात तुझ्या मामीने मोकळ्या जागेत चकल्या भरल्या आहेत. तेलाचा हात मानेला लावू नकोस.

जसे जमले तसे केले आहे. चुकले असेल तर स्पष्ट लिहिणे, भीड नको.
तुझा मामा,
पद्माकर


द्वारका
२४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मान पोचली तेव्हा मी ती अर्धा तास नुसती मांडीवर घेऊन बसले होते. इतकी सरळ, इतकी गुळगुळीत. अंगाच्या खोबणीत बसताना अर्ध्या मिलिमीटरला अडली. चूक माझ्याच खोबणीची असणार म्हणून मी खोबण घासली आणि मग ती चपखल बसली. पॉलिश झालं, तारा चढवल्या. दिसतो कसा म्हणून सांगू! शार्दूलने त्याला दृष्ट लागू नये म्हणून काळा टिळा लावला.

आणि मामा, तो बेसूर आहे. तुम्ही स्पष्ट लिही म्हणालात म्हणून लिहितेय, नाहीतर हात धजावला नसता. मोकळ्या तारा नीट लागतात. पण पडद्यावर बोट ठेवलं की सूर चढतो, आणि वर वर जावं तसा जास्तच चढतो. दोन दिवस मी माझ्यातच खोट शोधत होते. मग मोजलं. बारावा पडदा नटपासून तीनशे एक्याऐंशी मिलिमीटरवर हवा, तो तीनशे पंच्याऐंशीवर आहे.

माझीच मापं लिहायला चुकली असतील का? माझ्या कागदावर काय आकडा होता ते बघाल का? ग्रुपला मी सांगितलंय की दिवाळीला जुनाच बास वाजवेन. त्याचं काही नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, एवढं ऐका.

मयुरा


कोल्हापूर
१ सप्टेंबर २०२५

चि. मयुरास,
आशीर्वाद.

तुझा कागद पाहिला. आकडे बरोबर आहेत. चूक माझी आहे.

चार मिलिमीटर. कारखान्यात एवढ्या चुकीला मी माणसे घरी पाठवली आहेत. स्पष्ट लिहिलेस ते चांगले केलेस.

पैज तू हरलीस. कानाच्या मशीनचा विषय संपला. दिवाळीला माझी वाट बघू नये.
पद्माकर


कोल्हापूर
१२ सप्टेंबर २०२५

चि. मयुरा,
प्रभामामीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिलंय ते यांना माहीत नाही. आषाढ कसा गेला ते कळलं नाही आम्हाला यंदा, इतकं घर आनंदात होतं बघ. महिनाभर रोज सकाळी उठून मान करत बसायचे. मी चहा द्यायला गेले तर मलाच शहाणपण शिकवायचे, लाकडाच्या रेषा बघ म्हणून. माझ्याशी लग्नानंतर एवढे कधी बोलले नव्हते. आणि तुझं ते पत्र आलं. तुझा काही दोष नाही गं, त्यांनीच स्पष्ट लिही म्हटलं होतं. पण त्या दिवसापासून नुसते जेवायला बसतात, उठतात, खिडकीपाशी बसतात.

आता त्यांनी ठरवलंय की दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी सगळी पेटी श्यामला देऊन टाकायची. श्याम म्हणजे यांच्या हाताखाली शिकलेला, त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. तो बिचारा नको नको म्हणतोय. पेटी गेली की हा माणूस गेला, हे मला कळतं, पण मी ओरडून तरी किती सांगू? माझा आवाज बारीक, तो तर यांना मुळीच पोचत नाही.

काल पेटीतलं एकेक काढून तेल लावत होते. ती स्टीलची जुनी पट्टी, कोपऱ्यात इंग्रजी सी आय कोरलेलं आहे बघ, ती तर एखाद्या पोराचं तोंड पुसावं तशी पुसत होते. चाळीस वर्षं दुसऱ्या पट्टीला हात लावला नाही यांनी. घरातल्या बारीकसारीक कामाला माझा शिवणाचा टेप घ्यायचे, ही पट्टी कारखान्याबाहेर आलीच नव्हती.

तुला काही सुचलं तर लवकर कर. दसरा दोन तारखेला आहे.
तुझ्यावर भार टाकणारी,
मामी


द्वारका
२० सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा. शेजारी मामीला बसवा. आणि पेटी श्यामदादाला द्यायची नाही. आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

मामीने मला लिहिलं, तुम्ही तिला काही बोलायचं नाही. तिचं पत्र मी शार्दूलला वाचून दाखवत होते. तो ऐकता ऐकता सोफ्यावरून उठला आणि विचारायला लागला, पट्टीवर काय कोरलंय म्हणालीस? तुम्हाला आठवतं ना, तुमचा जावई कॉम्प्युटरकडे वळण्याआधी मेकॅनिकल इंजिनियर झालाय. ती डिग्री वीस वर्षांत पहिल्यांदा कामी आली. मला म्हणाला, एकटा बारावा पडदा मोजून काय होतंय, सगळे मोज.

मोजले मामा. बावीसच्या बावीस. पहिला पडदा थोडासा लांब, दुसरा त्याहून थोडा जास्त, शेवटपर्यंत तसंच. आकडे मांडले तर प्रत्येक पडद्याला तोच हिशेब निघाला: शहाण्णव भागांना एक भाग जास्त. फुटामागे एक सूत! बावीसमध्ये एकालाही केसाएवढा फरक नाही.

आता सांगा, बीड थंड होताना किती आकसतं? फुटामागे एक सूतच ना? म्हणून तुमच्या धंद्यातल्या पट्टीचा इंचच मुळात लांब असतो, लाकडी नमुना तेवढा मोठा निघावा म्हणून. सी आय म्हणजे कास्ट आयर्न, तुमचं बीड. मामा, तुम्ही चुकला नाहीत, तुम्ही बिडाची मान केलीत! तिच्यावरून साचा करून बीड ओतलं असतं तर थंड झाल्यावर मान बरोब्बर मापाची निघाली असती. खोबणीत अडलेला अर्धा मिलिमीटरही त्याचाच होता, आणि मी वेडी माझी खोबण घासत बसले.

हात गेलेला माणूस अशी चूक करू शकतो का? तो एक पडदा इकडे पाडेल, एक तिकडे. बावीस वेळा नेमकी तेवढीच चूक करायला बावीस वेळा बरोबर हात लागतो.

आणि आता माझी चूक ऐका. तुम्ही बजावलं होतंत की घोडीला गोंद लावू नकोस. मी लावला होता. सरकेल म्हणून भीती वाटली. गोंद नसता तर पहिल्याच दिवशी घोडी सरकवून मोकळी झाले असते आणि हा महिनाभराचा घोळ झालाच नसता. काल गरम सुरीने तो सोडवला आणि घोडी मागे, मानेपासून दूर, आठ मिलिमीटर सरकवली. अडीच सूत. तुमच्या पट्टीचे तीस इंच. मग एकेक पडदा वाजवत वर गेले. मामा, सूर लागला! पहिल्या पडद्यापासून बाविसाव्यापर्यंत सगळा लागला! मी रडले, आईने माझी पाठ थोपटली आणि खन्नाआंटी खालून विचारायला लागल्या की सब ठीक है ना.

पैज अजून उभी आहे. निजामुद्दीनची दोन तिकिटं सोबत पाठवतेय.

तुमच्या हाताची जन्माची भक्त,
मयुरा

ता. क. दादा, पोरीने तीन रात्री झोप घेतलेली नाही. नाही आलास तर मी येऊन तुला नेईन, आणि मी आले की महिनाभर हलत नाही हे तुला माहीत आहे. - नीला


कोल्हापूर
३ ऑक्टोबर २०२५

चि. मयुरास,
अनेक अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. मग पट्टी घेतली, प्रभाचा शिवणाचा टेप घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मी गाढव आहे. चाळीस वर्षे तोच माझा इंच होता. दुसरा इंच जगात असतो हे विसरून गेलो होतो.

पण त्यानंतर मला जे आठवले ते तुला सांगायला हवे. मी उठलो आणि देवघराच्या दारापाशी गेलो. दोन फुटांचे दार. चौकट प्रभाने आपल्या टेपने मोजून दिली होती, दार मी माझ्या पट्टीने आखले होते. फुटामागे एक सूत, म्हणजे दोन सूत! चार वर्षे, मयू, चार वर्षे मी हात गेला म्हणून बसून राहिलो, आणि हात कुठे गेलाच नव्हता. मी प्रभाला हाक मारली ती अशी मारली की शेजारचे लोक गॅलरीत आले. तिला सगळे समजावून सांगितले. तिला फुटाचे आणि सुताचे काही कळले नाही, पण ती डोळ्याला पदर लावून हसत होती.

काल दसऱ्याला हत्यारे पुजली. श्याम पेटी न्यायला नाही, जेवायला आला. सकाळी दाराला रंधा मारून दोन सूत काढले. आता दार लागते.

शार्दूलरावांना सांगावे की त्यांची डिग्री वाया गेली नाही. गोंदाबद्दल तुझा कान समक्ष धरीन. आम्ही दोघे सोळा तारखेला निघतो. अट तीच. पाठ करून बसणार, आणि ओळखले नाही तर खोटे हो म्हणणार नाही.

भेटीची घाई झालेला,
पद्माकरमामा


कोल्हापूर
२ नोव्हेंबर २०२५

चि. मयुरास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. तुमच्या दिल्लीची हवा अजून घशात आहे, आणि खन्नाबाईंनी दिलेले लोणचे रेल्वेत फुटले. माझ्या सर्व शर्टांना आता पंजाबी वास येतो.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. नरक चतुर्दशीला सदनाच्या सभागृहात तू माझ्या पाठीमागे स्टेजवर होतीस. माझा चेहरा तुला दिसला नाही. म्हणून लिहून देतो.

पहिल्या रांगेतली खुर्ची मी उलटी फिरवली तेव्हा एक स्वयंसेवक तीनदा येऊन ती सरळ करून गेला. तिसऱ्यांदा शार्दूलरावांनी त्याला बाजूला नेऊन काय सांगितले कोण जाणे, तो मला नमस्कार करून गेला. मग मी स्टेजकडे पाठ करून बसलो, आणि माझ्यासमोर तीनशे माणसे, पहाटे नटूनथटून आलेली. सगळी माझ्याकडे बघत होती. काही हसत होती. ज्या गोष्टीला मी इतकी वर्षे भ्यालो ती बरोबर समोर होती. वाटले, उठून जावे. प्रभाने माझी बाही धरून ठेवली.

मग खुर्ची घुमली. आधी पायातून आले, ते मी धरले नाही. ट्रक म्हणून सोडून दिले. मग छातीशी आले. आणि मग, मयू, कानात आले. स्वच्छ. गोल. एकामागून एक वेगळे सूर, वर जाणारे, खाली येणारे. विश्वनाथच्या बासचा तोच आवाज, सत्तेचाळीस वर्षांनी. पण काय वाजते आहे ते कळेना. ओळखीचे वाटत होते, नाव सापडेना. मी घाबरलो. पैज जाणार असे वाटले. पहिल्यांदाच मला पैज हरायची नव्हती, म्हणजे जिंकायची नव्हती, तू काय ते समज.

तेवढ्यात समोरची माणसे एकदम माझ्या तोंडाकडे बघू लागली. दुसऱ्या रांगेतली एक बाई हसली, मग तिचा नवरा, मग मागचे. मला कळेना काय झाले. नीलाने माझ्या हातावर बोटाने लिहिले: दादा, तू शीळ घालतो आहेस. मी ओठांना हात लावला. खरेच. डोक्याला कळण्याआधी तोंडाला कळले होते. माझीच शीळ होती ती. पॉलिशपेपरची. तू लहानपणी ऐकलेली, मी विसरून गेलेली. माझ्या कानाला जी उंचावर पोचत नव्हती, ती तू खाली माझ्यापर्यंत उतरवून आणली होतीस.

तीनशे माणसे मला हसत होती आणि मी थांबलो नाही. सबंध शीळ घातली, शेवटपर्यंत, तुझ्याबरोबर. मग टाळ्या झाल्या. त्या मला ऐकू आल्या नाहीत, पण हात दिसत होते. नंतर तू मला स्टेजवर ओढून नेलेस आणि माइकवर सगळ्यांना लांब इंचाची गोष्ट सांगितलीस. पुढचा अर्धा तास लोक त्या मानेवरून हात फिरवत होते. एकाने विचारले, आणखी एक करून द्याल का? मी म्हटले, बघू. पण घरी आल्या दिवशीच लाकूड काढले आहे. मान त्याच पट्टीने करीन आणि घोडी अडीच सूत मागे ठेवीन.

पैज हरलो. सोमवारी मशीन आणले. पहिल्या दिवशी ऐकू आले ते असे: कुकर, पंखा, रिक्षा, आणि तुझ्या मामीच्या बांगड्या. बांगड्यांचा आवाज मी विसरलो होतो. तिला सांगितले, तर तिने त्या दिवशी उगाचच दहादा भांडी घासली.

आता फोनवर तुझे बोलणे कळते. तरी पत्र लिहीत जा. शार्दूलरावांची दाढ कशी आहे?

हरल्याचा इतका आनंद कधी झाला नाही असा,
तुझा मामा,
पद्माकर

ता. क. चि. मयुरा, हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. आता सकाळचे आठ वाजलेत. हे मागच्या खोलीत नव्या मानेच्या लाकडाला पॉलिशपेपर मारतायत आणि शीळ चालू आहे. मशीन टेबलावर काढून ठेवलंय, भुसा जाईल म्हणून. त्यामुळे स्वतःची शीळ यांना ऐकू येत नाहीये आणि ती पार बेसूर लागलीय. मी काही सांगणार नाही. खिडकी उघडी ठेवलीय, गल्लीला ऐकू दे. - मामी